गोड रॉबिन

तुरुंगात माणसाला बायकोची आठवण येते. रॉबर्ट पोलीलाही आली, पण दुसऱ्याच्या. १५८३ साली लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात असताना त्यानं स्वतःच्या पत्नीला भेटायचं नाकारलं आणि चाकूसुऱ्यांचा धंदा करणाऱ्या येओमन्सच्या बायकोला, जोनला, बोलावून मेजवान्या दिल्या. त्या काळी खिसा सैल सोडला की कैद्यापुढेही पंचपक्वान्नं येत.

एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मंडळी चोरून कट रचत आणि राणीचा मंत्री सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम ते हुंगून काढी. या दोघांच्या मधल्या फटीत खबऱ्यांची जमात पोसली गेली. पोली त्यातला खानदानी. कॅथलिकांना वाटे हा आपला, मंत्र्याला वाटे हा आपला, आणि पोलीला दोघंही आपलेच वाटत.

त्याची वाणी लाघवी. १५८६ साली राणीचा खून करून स्कॉटलंडच्या मेरीला गादीवर बसवायला निघालेला अँथनी बॅबिंग्टन या पोलीच्या घरी जेवायला जाई. धरपकड सुरू झाल्यावर बॅबिंग्टननं पळता पळता त्याला पत्र लिहिलं. निरोप घेताना त्याला ‘गोड रॉबिन’ म्हटलं. तू माझ्याशी खरा आहेस ना, असं त्यात काकुळतीनं विचारलं होतं. शिवाय आपला हिरा परत मागितला होता. सप्टेंबरात बॅबिंग्टनला फासावर चढवून त्याचे तुकडे केले गेले.

पोलीची रवानगी मात्र लंडनच्या टॉवर तुरुंगात झाली. हा माणूस नक्की कुणाचा, ते सरकारलाही उमगत नसावं. दोन वर्षांनी सुटल्यावर तो बढाई मारी, की खुद्द वॉल्सिंगहॅमनं दोन तास खोदून विचारलं, पण आपण दाद दिली नाही. ही बढाई ज्या घरात चाले, ते घर येओमन्सचं. पोली तिथं भाडेकरू म्हणून शिरला आणि जाताना जोनला घेऊन गेला.

त्याचे सोबतीही तोलामोलाचे होते. निकोलस स्केर्सनं वुडलेफ नावाच्या एका गरजू वारसदार तरुणाला इन्ग्रॅम फ्रायझरकडे नेलं. फ्रायझरनं साठ पौंडांचा कागद करून घेतला आणि रोकड नाही म्हणून तोफा दिल्या! मग त्या ‘विकून देतो’ म्हणत हातावर तीस पौंड टेकवले.

३० मे १५९३ रोजी हे तिघं आणि नाटककार ख्रिस्तोफर मार्लो डेटफर्डमध्ये एलेनॉर बुलबाईंच्या घरी जमले. सकाळी दहापासून जेवण, बागेत फेरफटका, पुन्हा जेवण. शेवटी बिलावरून वाद झाला आणि फ्रायझरच्या हातून मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर खंजीर घुसला. पोली आणि स्केर्स फ्रायझरच्याच बाकावर बसले होते. चौकशीत ठरलं, की फ्रायझरनं स्वसंरक्षणासाठी वार केला. महिन्याभरात त्याला माफी मिळाली.

पोलीनं हेगला टपाल नेऊन आणल्याचे तीस पौंड पदरात पाडून घेतले. बिलाची मुदत ८ मे ते ८ जून. या सबंध काळात तो राणीच्या सेवेत होता, असं त्यावर नमूद आहे. डेटफर्डचा दिवस वजा केलेला नाही.