तेलाचा दाब आणि मालकाचा रुबाब

उद्यमनगरातील लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्या, पिस्टन आणि बेअरिंगचे कारखाने यांच्या सहवासामुळे कोल्हापुरात इंजिनाविषयीचे ज्ञान जन्मजात मानले जाते, आणि दसऱ्याला राजघराण्याची मायबाख मोटार पाहायला दसरा चौकात उभा राहिलेला कोणताही गृहस्थ तिच्या इंजिनावर अधिकारवाणीने बोलू शकतो. अशा नगरीत एखाद्याने जुन्या मारुती एस्टीमचे १,२९८ सीसीचे इंजिन शर्यतीसाठी तयार करायला घेतले, म्हणजे कॅम बदलून आणि कॉम्प्रेशन वाढवून ते मिनिटाला सात हजारांहून अधिक फेरे घेईल असे करायचे ठरवले, की ऑइल पंप कोणता बसवावा हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

बहुमत नेहमी मोठ्या पंपाच्या बाजूने पडते. पैलवानाचा खुराक जितका अधिक तितका पैलवान थोर, हा तालमीतला हिशेब इंजिनालाही लागू आहे, असे या पक्षाचे गृहीतक असून, ‘भावा, डबल प्रेशर मारतोय, विषय हार्ड!’ हे त्याचे प्रमाणवाक्य होय. शास्त्राला मात्र हे वाक्य मान्य नाही. एस्टीमचा पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसतो. त्यात एकात एक फिरणाऱ्या दोन दातेरी चकत्या असतात, आतल्या चकतीला बाहेरच्या चकतीपेक्षा एक दाता कमी असतो, आणि त्यामुळे दात्यांमधली पोकळी लहानमोठी होत दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलले जाते. पंपाचे काम तेवढेच. दाब निर्माण होतो तो त्या तेलाची वाट अडल्यामुळे, मुख्यतः क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या मिलिमीटरच्या काही शतांशांच्या फटीत. ही फट झिजून रुंदावली की दाब उतरतो, आणि तेव्हा मोठा पंप बसवणे म्हणजे बेअरिंगचा खर्च लांबणीवर टाकून पंपाचा खर्च आज करणे होय, जो पुष्कळांना अधिक सोयीचा वाटतो.

दर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय दाब पुरेसा, असा शर्यतवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. सात हजारांना सत्तर. त्याहून फार वर दाब गेला तर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेली एक छोटी दांडी, मागे सरकते आणि जास्तीचे तेल परत पाठवते. म्हणजे मोठा पंप जे जादा तेल उचलतो त्यातले बरेचसे कुठेही न जाता नुसते तापते, आणि त्यासाठी खर्च होणारी ताकद त्याच इंजिनाची असते ज्याच्यासाठी मालकाने कर्ज काढलेले असते.

पंप बदलण्याचे एक खरे कारण आहे, पण ते चर्चेत क्वचितच येते. धातूची भुकटी दाबून आणि भट्टीत भाजून केलेल्या चकत्या क्रँकच्या टोकाच्या थरथरीने उंच फेऱ्यांना तडकू शकतात. अशा ठिकाणी अखंड पोलादातून कापलेल्या चकत्या शहाणपणाच्या, मग आकार मूळचाच का असेना.

त्याहून मोठा घात वळणावर होतो. गाडी जोरात वळली की इंजिनाखालच्या चेंबरमधले तेल एका बाजूला धावते, पंपाची तेल ओढणारी जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. पंप मोठा असेल तर हवाही अधिक उत्साहाने ओढतो. त्यावरचा राजेशाही उपाय म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी ‘ड्राय संप’ रचना, परंतु तिची किंमत ऐकून उत्साही मंडळी पाणी मागतात. गरीब उपाय असा की चेंबरमध्ये पत्र्याचे आडोसे वेल्ड करावेत आणि जाळी तळापासून योग्य अंतरावर आणावी, आणि अनुभवी मेस्त्री नेमके तेच सुचवतात. मालक खिन्न होतो, कारण चेंबरमधला पत्रा कोणाला दाखवता येत नाही.

अखेर तडजोड होते. पंप मूळ मापाचाच, पोलादी चकत्यांचा, राहतो, आडोसे बसतात, आणि एस्टीमच्या डॅशबोर्डवर तेलासाठी एक लाल दिवाच असल्याने, जो दाब जवळजवळ संपल्यावर पेटतो, दाबाचा एक गोल मोठा मीटर विकत घेतला जातो. तो चालकाच्या नजरेसमोर असावा असे मेस्त्रींचे मत असते, तर शेजारी बसणाऱ्याला नीट दिसला पाहिजे असे मालकाचे, आणि इंजिन पुन्हा गाडीत चढले तरी हा वाद मिटलेला नसतो.