ओट्याला हेअर ड्रायर

ती. आईस सा. न. वि. वि.

कुकर चढवलाय, शिट्ट्या व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं लिहिते. काल व्हिडिओ कॉल संपल्यापासून तू घोर लावून घेतला असशील. तुझ्या जावईबापूंच्या, मकरंदच्या, डोक्यावर काहीही परिणाम झालेला नाही. ते ओट्यालाच हेअर ड्रायर लावत होते आणि पूर्ण शुद्धीवर होते.

इथे इंग्लंडात ओटा सहसा दगडाचा नसतो गं. लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी आणि वर लॅमिनेटचा पापुद्रा. सिंकपाशी त्याला चीर गेली की पाणी आत शिरतं, भुसा फुगतो, आणि बेबीआत्यासारखा एकदा फुगला की काही केल्या उतरत नाही. (हे वाक्य मोठ्याने वाचू नकोस.) बाकीच्या भागावर कुकरचा चटका आणि हळद. हळदीचा डाग उन्हात उडतो हे तुझंच शिक्षण, पण ओटा उन्हात न्यायचा कसा आणि मुळात ऊन आणायचं कुठून? खायच्या सोड्याचा लेप लावला, फिकट झाला, एवढंच.

क्वार्ट्झचा नवा ओटा किती म्हणून एका दुकानात विचारलं. दोन हजार आठशे पौंड! वर तो माणूस हसतमुखाने विचारतो, सिंकसाठी भोक हवंय ना? त्याचे वेगळे. नळाच्या भोकाचे आणखी वेगळे. म्हणजे जो दगड आपल्याला मिळणारच नाही, त्याचेही पैसे आपणच द्यायचे. मी पौंडांना रुपयांनी गुणायचं कधीच सोडलं, मकरंदने नाही. त्याने गाडीत बसून गुणाकार केला आणि घरापर्यंत तोंड उघडलं नाही. आमच्याकडे बाजूला टाकलेले होते ऐंशी.

शिट्टी. आले.

हं. तर शेजारच्या पटेलकाकूंकडे काम निघालं होतं, त्यातली उरलेली फळी त्यांनी थालीपिठांवर दिली. ती सिंकच्या बाजूला बसली. उरलेल्या ओट्यावर चिकटवायचं व्हायनिल, पांढरं, संगमरवरी रेघांचं. स्वस्त दिसतो तो 45 सेंटिमीटरचा रोल, पण ओटा 60 रुंद. मग मध्येच जोड येणार आणि त्यात जन्मभर कणीक अडकणार. म्हणून साडेसदुसष्टचा घेतला. आधी तेलकटपणा खरवडून काढायचा, पॉलिशपेपर हलका फिरवायचा, मग चिकटवत जायचं. कडेला वळवताना गरम हवा दिली की व्हायनिल मऊ पडतं. तू पाहिलंस ते हेच. गरम भांडं त्यावर थेट टेकवायचं नाही, त्यामुळे आमची सई आता वरणाच्या वाटीखालीसुद्धा पाट सरकवते.

खरी गंमत जुन्या फळीची. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी कचरा टाकायलाही ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. घरच्या तोडफोडीचा कचरा फुकट घेतात, पण एका खेपेला पन्नास लिटरच्या दोन पिशव्या, किंवा मग एकच नग, तोही दोन मीटरहून लांब नको. साधारण आंघोळीच्या टबाएवढा, असं नियमातच लिहिलंय! आमची फळी तीन मीटर. अख्खी न्यावी तर लांब, कापावी तर नग दोन. मकरंदने कचराकेंद्राच्या दारातल्या माणसाला विचारलं, की बाबा रे, सकाळपर्यंत हा एकच नग होता. तो म्हणाला, आता दोन आहेत. दुसऱ्या तुकड्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. तोवर तो तुकडा दिवाणखान्यात उभा होता आणि येणारा-जाणारा त्याला शोभेची वस्तू समजत होता.

बंड्याचं लग्न ठरलं हे छान झालं. पण मुलगी जर्मन शिकवते म्हणजे मुलगी जर्मन नव्हे, हे नानांना कुणीतरी समजवा. डिंकाचे लाडू पोचले. किती उरलेत ते विचारू नकोस.

आणि दादा कडप्पा फोडून ग्रॅनाइट बसवणार, हे काय ऐकतेय मी? कडप्पा हा चुन्याचा दगड, लिंबा-चिंचेने त्याचं तेज जातं, दगड जात नाही. पॉलिशवाल्याला बोलवा, तो मशीन आणून जागेवर घासून देईल. मग तेलाचा हात फिरवा, काळाभोर होईल. वहिनीला मॉड्युलर हवंच असेल तर खाली काय हवी ती कपाटं करू देत. नारळ फोडून फोडून कोपऱ्यात पडलेला खड्डासुद्धा बुजवायचा नाही. आज सकाळी भाकरी थापत होते, तर परातीखालून नुसता पोकळ आवाज. तुझ्याकडे कसा भरीव येतो. एवढ्यावरून मला रडू फुटलं. मकरंद धावत आला, त्याला वाटलं व्हायनिलला बुडबुडा आला.

दादाला म्हणावं, मी दिवाळीत येईपर्यंत घणाला हात लावायचा नाही. बाबांना नमस्कार. इस्त्री राहिलीय.

तुझी,
शुभा

ता. क. मेतकूट, गोडा मसाला पाठव. हळद मात्र आता नको, व्हायनिल पांढरं आहे.