लांबशेपट्याचा शाप

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली म्हणे. मला आठवतं ते पुढच्या माणसाचं टक्कल. ही जुनी थकबाकी वसूल करायला साठी उलटल्यावर आम्ही उभयता आइल ऑफ मॅनला गेलो.

इंग्लंड-आयर्लंडच्या मधलं हे बेट. डग्लस ते रॅम्झी, सत्तावीस किलोमीटर, एका गावाहून दुसऱ्या गावाला, शेतांतून आणि कड्यांवरून विजेची ट्राम जाते. १८९३ ला सुरू झाली, १८९९ ला रॅम्झीत पोचली. रुळांमधलं अंतर तीन फूट, म्हणजे माथेरानच्या गाडीहून फूटभर ऐसपैस. १८९३ च्या एक आणि दोन नंबरच्या गाड्या अजून चालत्या आहेत. मला एक नंबरचा फोटो हवा होता.

डग्लसला ट्रामच्या शेडवरून निघालो आणि मी ज्ञानलालसेने शेजारच्या आजींना विचारलं, "या शेडमध्ये उंदीर फार असतील, नाही?"

बाकावर स्मशानशांतता. आजींनी लाकडी बाकावर टकटक केलं. मग कंडक्टर कानाशी कुजबुजला, की या बेटावर त्या प्राण्याचं नाव घेत नाहीत. 'लाँगटेल' म्हणतात, म्हणजे लांबशेपट्या.

ही लगेच आजींना म्हणाली, "आमच्या गावाकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणतात." आजी एवढ्या खूश झाल्या, की हिला पेपरमिंट मिळालं. मला नाही.

शाप मात्र लागलाच. पहिल्या थांब्यावर उतरून नेम धरला, तर विजेचा खांब बरोबर ट्रामच्या नाकावर. लॅक्सी स्टेशनात स्नेफेल डोंगरावर जाणारी दुसरी ट्राम लागते, १८९५ पासूनची. तिच्या रुळांमधलं अंतर आणखी सहा इंच जास्त, कारण मधोमध ब्रेकसाठी तिसरा रूळ आहे. तिथे फोटोत दोन्ही ट्राम आल्या असत्या. आले ते सतरा रेनकोट. पुढे एका शेताच्या कडेला भुरभुर पाऊस सुरू झाला. मी भिंग पुसत होतो.

"अहो, आली!"

"कितवी?"

"एक!"

पुढच्या उघड्या ओट्यावर उभा राहून ड्रायव्हर ती हाकत होता. हात दाखवला म्हणून थांबलीही. आता फोटो काढू की चढू? हिने दंडाला धरून चढवलं. ज्या गाडीसाठी समुद्र ओलांडला, तिच्याच पोटात मी बसलो आणि मला ती दिसेना. ट्रामचं हे असंच: बसलं की दिसत नाही, दिसावी म्हणून उतरलं की निघून जाते.

रॅम्झीला ती निवांत उभी होती. पण उभ्या ट्रामचा फोटो म्हणजे पासपोर्टचा फोटो. माझी घालमेल कंडक्टरने ओळखली. त्याने गाडी मागच्या डब्यापासून सोडवली, ती शेजारच्या रुळावरून डब्याला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडली, तारेचा दांडा फिरवला आणि मग मला म्हणाला, "मागच्या डब्यात बसा की!"

एवढं साधं. भिंती नसलेल्या त्या डब्यात पहिल्या बाकावर बसलो. बल्गमच्या कड्यावर, समुद्रापासून जवळजवळ एकशेऐंशी मीटर उंचीवर, रूळ वळले आणि पुढची एक नंबर अंग वळवून मला दिसली: रंगवलेलं लाकूड, पितळी मुठी, तारेवर टेकलेला दांडा, पलीकडे निळाशार समुद्र. खांब नाही, रेनकोट नाही. मी बटण दाबलं.

"घाई कसली होती?" कंडक्टर म्हणाला. त्यांच्या मॅन्क्स भाषेत याला 'ट्रे डि ल्यूर' म्हणतात: वेळ आहे भरपूर.

पुण्याला परतल्यावर फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. शेजारचे अण्णा चष्मा सरसावून बराच वेळ बघत राहिले.

"केव्हाची आहे म्हणालात?"

"अठराशे त्र्याण्णव."

"अहो, मग नवी कधी घेणार ते लोक?"

मी म्हटलं, "ट्रे डि ल्यूर."