क्वेश्चनेबल अंकल

नोएडात तारीख सगळेच देतात, अगदी सढळ हाताने. लिफ्टवाला 'बस, आधा घंटा' म्हणतो, बिल्डर पझेशनची दिवाळी सांगतो, फक्त कुठली दिवाळी ते सांगत नाही. फार काय, सुपरटेकचे ट्विन टॉवर नुसते पाडायचे होते, तरी 22 मे 2022 चा मुहूर्त 28 ऑगस्टवर गेला. अशा गावात चुकूनही तारीख न देणारा एकच माणूस मी पाहिलाय. आमच्या अकराव्या मजल्यावरचे काका. मूळ सातारचे, सेक्टर 62 मध्ये आयटीत, आणि पहाटे उठून अमेरिकेतलं एनबीए बास्केटबॉल बघणारे. सोसायटीतली पोरं त्यांना 'क्वेश्चनेबल अंकल' म्हणतात.

काकांना डंक, थ्री-पॉइंटर वगैरेंत फारसा रस नाही. कोण जिंकलं विचारलं, तर म्हणतात, "ते सोड, त्याच्या मांडीचं काय झालं ते ऐक." तिकडे संघांना सामन्याआधी दुखापतींची यादी जाहीर करावी लागते: प्रॉबेबल, क्वेश्चनेबल, डाउटफुल, आउट. काका ती पंचांगासारखी वाचतात.

"संघ हुशार असतात," काका चहा ओतता ओतता सांगतात. "स्टार परत कधी येणार हे सांगतच नाहीत. पुन्हा तपासणार कधी, तेवढं सांगतात. दोन आठवड्यांनी! दोन आठवड्यांनी काय? तपासतात, आणि पुढचे दोन आठवडे देतात. खोटं कुठेच नाही."

यावर त्यांचे दाखले तयार असतात. शिकागोचा डेरिक रोझ. एप्रिल 2012 मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. पुढच्या मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिल्याची बातमी फुटली आणि सगळं शहर 'आज तरी उतरतोस का' म्हणून त्याच्या मागे लागलं. तो त्या मोसमात उतरला नाही तो नाहीच. मग केव्हिन ड्युरंट. 2019 ची फायनल, पोटरी दुखावलेली, महिनाभर बाहेर. संघ हरायला लागला तसा पाचव्या सामन्यात उतरला. बारा मिनिटांत अकरा गुण, आणि अकिलीसची शीर तुटली. "बॉब मायर्स, एवढा मोठा मॅनेजर, पत्रकारांसमोर रडला रे," म्हणताना काकांचाही आवाज कापतो. इथे मात्र मला त्यांची थट्टा करवत नाही. पोटरीला फायनलचं वेळापत्रक कोणी कळवलेलं नसतं. तिकिटं मात्र विकून झालेली असतात.

थट्टा डिसेंबरात परत सुरू झाली. सोसायटीच्या कोर्टवर पोरांबरोबर रिबाउंडला उडी मारताना काका एका पोराच्या बुटावर उतरले आणि उजवा घोटा मुरगळला. ऑर्थोने पट्टी बांधली, 'दहा दिवसांत चालाल' म्हणाला. काकांचा चेहरा उतरला. डॉक्टर असून तारीख देतो!

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लागला.

दळण – आउट.
भाजी – डाउटफुल.
पाण्याचा कॅन उचलणे – मोसमभर आउट.
सोफ्यावरून सामना बघणे – उपलब्ध.

खाली तळटीप : दोन आठवड्यांनी फेरतपासणी.

दोन आठवड्यांनी ऑर्थो म्हणाला, घोटा ठणठणीत आहे. काकांनी मान डोलावली आणि 'माझ्या डॉक्टरांचं' मत मागवलं. 'माझे डॉक्टर' म्हणजे सातारचा धाकटा भाऊ, होमिओपॅथ. त्याने फोनवरच सांगितलं, दादा, घाई नको. आता काका आम्हाला कवाय लेनर्ड सांगू लागले. 2017-18 मध्ये स्पर्सचे डॉक्टर म्हणत होते खेळ, त्याचे स्वतःचे डॉक्टर म्हणत होते थांब. पठ्ठ्या अख्ख्या मोसमात नऊ सामने खेळला. मॅनेजमेंटवर विश्वास नसला की असं होतं, असं काका म्हणाले. मॅनेजमेंट तेव्हा मागे कणीक मळत होती.

मी सहज विचारलं, "मग त्या लेनर्डचं झालं काय?"

काकांनी विषय बदलला. पण काकूंनी तो मोबाइलवर शोधला. जुलै 2018, स्पर्सने त्याला टोरंटोला देऊन टाकलं. त्याच संध्याकाळी काकूंनी सातारला फोन लावला, दिरांशी बोलल्या, आणि हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसचं एक तिकीट काढलं. काका सातारला, त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बदल्यात सासूबाई नोएडाला. वय ऐंशीच्या पुढे, पण रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या आणि भाजी स्वतः निवडून आणणार.

काका दुखावले, पण घर सोडायचं म्हणून नव्हे. "माझ्या बदल्यात नुसती आई?" ते कळवळून म्हणाले. "लेनर्डच्या वेळी डीरोझन आला, पोल्टल आला, शिवाय पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट पिक!"

काकू बॅगेची चेन ओढत म्हणाल्या, "भावजी दोन किलो कंदी पेढे पण पाठवतायत."