शिक्का डाव्या हातावर

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनामुळे गृह विलगीकरणातल्या माणसाच्या डाव्या हातावर शिक्का मारायचं ठरवलं. पुसली न जाणारी शाई आणि मतदानाचाच हात. फरक एवढाच, की मतदानानंतर पुढारी दिसेनासे होतात, इथे शेजारी.

केंद्राच्या आरोग्य खात्याची तेव्हाची नियमावली तर वाचत राहावी अशी. 14 दिवस हवेशीर, स्वतंत्र खोलीत राहावं. संडास शक्यतो खोलीला जोडूनच. खोलीत दुसरं कुणी असलंच तर दोघांत किमान एक मीटर अंतर. म्हातारी माणसं, गरोदर बाया, लेकरं यांच्यापासून लांब. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीकडच्या दोन खणांच्या माळवदात हे बसवायचं म्हणजे आजी ओसरीत, सून माहेरी अन् लेकरं शेजारी. आणि शेजारच्या घरात पुण्याहून परतलेला पोरगा आधीच 14 दिवस मोजत बसलेला.

मग गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा कामी आल्या. लेकरांना बंद, बापांना उघड्या. पटसंख्येची चिंता तेवढी मिटली.

या सगळ्यामागचा साथरोग कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगपायी इंग्रजांनी केलेला. बिलोली तेव्हा निजामाच्या मुलखात! आता हद्दीपलीकडे तेलंगणातलं बोधन. सासर-माहेर, बाजारहाट, सगळं दोन राज्यांत वाटलेलं. पण नाके बसले आणि जावईसुद्धा परराज्यातला प्रवासी ठरला. हद्द ओलांडणारी मांजरा नदीची वाळू मात्र लक्षणविरहित असावी; तिला कुणी विलगीकरणात ठेवल्याचं ऐकिवात नाही.