डावा दाखवा, उजवा दाखवा

मोटारीच्या दुखण्यांनाही मानाची उतरंड असते. ‘इंजिन उतरवलंय’ असं सांगितलं की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. ‘गिअरबॉक्स गेला’ म्हटलं की तो खर्चाचा आकडा विचारतो आणि मनातल्या मनात सुखावतो. क्लचप्लेटच्या वाट्यालाही निदान एखादं ‘अरे अरे’ येतं. पण ‘पुढचे इंडिकेटर नीट लागत नाहीत’ असं कुणाला सांगून पाहा. तो म्हणेल, “मग हात दाखवायचा!” आणि विषय बदलेल.

माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची इटलीच्या फियाटची, जन्माने कुर्ल्याची, १०८९ सीसीची. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं, पण घरोघरी ती ‘फियाट’च राहिली. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या शेवटच्या पद्मिनीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांना गहिवर आला होता. खाजगी गाडीला अजून मुभा आहे. फक्त पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते. तिथे इंजिन किती गोड चालतं याचं कुणाला कौतुक नसतं. साहेब गाडीसमोर उभे राहतात आणि म्हणतात, “डावा दाखवा. उजवा दाखवा. पार्किंग लावा.”

या तीन आज्ञांना माझ्या गाडीची उत्तरं मोठी मजेशीर होती. डावा इंडिकेटर दिला की मागचा दिवा ठणठणीत उघडझाप करायचा. पुढचा मात्र कसाबसा, आजारी माणसाने हूं म्हणावं इतपतच लुकलुकायचा. त्यातच पार्किंग लावले की कमाल व्हायची. मागचा डावा पेटला की पुढचा विझायचा आणि मागचा विझला की पुढचा पेटायचा. कितीतरी जणांनी पाहिलं. ज्याने त्याने नवा बल्ब घातला. एकाने फ्लॅशर बदलला आणि “आता वर्षभर बघायला नको” असं सांगितलं. खरोखरच वर्षभर कुणी बघितलं नाही, कारण बघणारा मी, आणि मी आत बसलेला.

इंडिकेटरचं दुखणं मालकाच्या लक्षात सर्वांत शेवटी येतं ते यामुळेच. गाडीतली बाकी सगळी सोय आपल्यासाठी असते. हेडलाइट आपला रस्ता दाखवतो, वायपर आपली काच पुसतो, हॉर्न तर आपलाच राग वाजवतो. पुढचा इंडिकेटर आणि पार्किंग लाइट हे मात्र दुसऱ्यांनी पाहावेत म्हणून लावलेले दिवे. आपल्याला ते दिसतही नाहीत. जे आपल्याला दिसत नाही आणि ज्याचा फायदा परक्याला होतो, त्याची दुरुस्ती आपल्याकडे दिवाळीनंतरवर ढकलली जाते. दिवाळी होऊन गेली, आरटीओची तारीख जवळ आली, आणि दोन्ही दिव्यांचं वायरिंग घरीच नव्याने करायचं मी ठरवलं.

सामान पुण्यात दोन ठिकाणी मिळतं. वायर, स्लीव्ह, थिंबल तपकीर गल्लीत. होल्डर आणि बल्ब नाना पेठेत. वायर एक स्क्वेअर एमएमची पुरते, कारण भार फारसा नाही. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे बारा व्होल्टला पावणेदोन अँपिअर. पार्किंगचा ५ वॅटचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्याही आत. दोघांचा मिळून एकच बल्ब असतो, त्यात दोन फिलामेंट, एक जाड आणि एक बारीक. त्याच्या पितळी बुडाच्या दोन बाजूंना दोन पिना असतात, पण एक वर आणि एक खाली. उलटा घालू म्हणाल तर तो बसतच नाही. ज्याने कुणी हे केलं त्याला माणसाच्या घाईची पुरती ओळख असणार. नाना पेठेतल्या दुकानदाराने “कुठली गाडी?” विचारलं. मी “पद्मिनी” म्हणालो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की प्रेक्षक आपोआप जमतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे काका सर्वांत आधी आले. मी बॅटरीची निगेटिव्ह काढत होतो. “अहो, बारा व्होल्टला काय घाबरता? आम्ही चारशे चाळीस हाताळलंय!” काकांचं खरंच आहे, बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. पण मोटारीची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर सोडते, आणि मध्ये बोटातली अंगठी सापडली तर ती लालबुंद होते. मी हे नम्रपणे सांगितलं. काकांनी आपली पुष्कराजाची अंगठी खिशात टाकली आणि खुर्ची मागवली.

त्यानंतर इंजिनिअरिंगला असलेला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला. “काका, एलईडी टाका ना, विषय संपला!” त्या पिढीचे सगळे विषय असेच संपतात. त्याला फ्लॅशर काढून दाखवला. डांबरगोळीच्या डबीएवढा पत्र्याचा डबा, आत धातूची पट्टी. बल्बचा प्रवाह वाहू लागला की पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, दिवा विझतो. पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा दिवा. हे मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावं असा दंडक आहे. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की जुन्या पद्धतीची पट्टी तापतच नाही, मग उघडझाप कुठून होणार? मुलगा म्हणाला, “म्हणजे तो टिकटिक आवाज खराच येतो?” त्याच्या घरच्या गाडीत तोच आवाज स्पीकरमधून मुद्दाम वाजवलेला असतो. आमच्याकडे पट्टी स्वतः वाजते.

दिव्याची काच उतरवायला दोन स्क्रू. त्यांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवलं होतं, तरी त्यांनी मानपान करून घेतलाच. काच निघाली आणि आतमध्ये जे दिसलं त्यावरून गाडीची चाळीस वर्षांची बखर लिहिता आली असती. कारखान्याची मूळ वायर वीतभर राहिली होती. तिचं आवरण इतकं कडक झालं होतं की वाकवल्याबरोबर मोडलं. तिला कुणीतरी दारावरच्या घंटीची वायर जोडली होती. घंटीच्या वायरला कुणीतरी स्पीकरची. तिन्ही सांधे नुसते पिळलेले, वर टेप. एके ठिकाणी टेप संपली असावी, कारण तिथे जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. ती सोलली तर आतलं तांबं हिरवंगार, पावसाळ्यात माळ्यावर विसरलेल्या पितळी भांड्यावर चढावा तसा कळंक चढलेलं. रंगांवरून कुठली वायर कुठली हे ओळखण्याची सोय नव्हती. प्रत्येकाने त्या दिवशी हाताला लागेल तो रंग वापरला होता.

पण खरा रोग यात नव्हता. बॅटरी तेवढ्यापुरती पुन्हा जोडली. टेस्ट लॅम्पचं एक टोक तिच्या निगेटिव्हला लावून दुसरं इंडिकेटरच्या वायरला लावलं तर तो झगझगीत पेटला. म्हणजे तिथवर वीज येत होती. मग तेच एक टोक दिव्याच्या पत्र्याला लावलं, तर पेटेना. वीज येत होती, तिला परत जाता येत नव्हतं. मोटारीत परतीची वेगळी वायर सहसा नसते, गाडीचा सगळा पत्राच परतीचा मार्ग. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. आमच्या दिव्याचा अर्थ एका स्क्रूच्या भरवशावर होता आणि तो स्क्रू गंजाच्या पापुद्र्यात रुतला होता.

आता त्या मजेशीर उत्तरांचा उलगडा झाला. चाळीत आपला नळ गेला की माणूस बादली घेऊन शेजारच्या बिऱ्हाडात जातो, तसं हे. इंडिकेटरच्या जाड फिलामेंटमधून आलेल्या प्रवाहाला पत्र्यातून वाट मिळेना, म्हणून तो शेजारच्या पार्किंगच्या बारीक फिलामेंटमधून उलटा शिरायचा आणि पार्किंगच्या वायरीने इतर दिव्यांमधून जमिनीला लागायचा. म्हणून तो अशक्त लुकलुकाट. पार्किंग आधीच लावले असतील तर बारीक फिलामेंट जाड्याच्या वाटेने परतीचं काम भागवून नीट पेटलेलं असायचं. इंडिकेटर आला की त्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना सारखेच बारा व्होल्ट, मग वाहणार काय? म्हणून मागचा पेटला की पुढचा विझायचा. गाडी चुकत नव्हती. ती जे सांगत होती ते कुणी ऐकून घेतलं नव्हतं. दिवा लागला नाही की प्रत्येक जण वीज येते का हे पाहतो, ती परत जाते का हे कुणी पाहत नाही.

पुढचं काम साधं होतं. फ्यूजबॉक्सपासून दिव्यापर्यंत नव्या अखंड वायरी, मध्ये सांधा नाही. जिथे सांधा टळेना तिथे डाख आणि वर स्लीव्ह. दोन्ही दिव्यांना स्वतःची काळी वायर, ती चेसिसवर जिथे पोचते तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, थिंबल कसलं, वरून ग्रीस चोपडलं. पार्किंगला वेगळा फ्यूज आहे ना, हे काकांनी मला दर थोड्या वेळाने विचारलं. पार्किंगचे दिवे दिसायला बारीक, पण पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक मिळून पंचवीसएक वॅट होतात, म्हणजे दोन अँपिअर. बहुतेक गाड्यांत ते किल्ली काढली तरी लागतात, कारण ते उभ्या गाडीसाठीच असतात. ते रात्रभर राहिले तर सकाळी स्टार्टर नुसता ‘टक’ म्हणतो.

मग तपासणी. बायको आत बसली, मी पुढे उभा. “अहो, देऊ का?” “दे.” “लागला का?” इंडिकेटर लागतोय का विचारल्यावर ‘लागला, गेला, लागला, गेला’ सांगणाऱ्या माणसाचा विनोद सगळ्यांनी ऐकलेला आहे. पण त्या माणसावर अन्याय झालाय. त्याचा अहवाल अचूक आहे. नुसतंच ‘लागला’ म्हणाला असता, तर फ्लॅशर गेला असं समजलं असतं. मीही तेच म्हणालो. बायकोने कपाळाला हात लावला, पण खुर्चीतले काका जाणकारपणे मान डोलवत होते.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, त्या दिव्याला आपल्या रस्त्यावर काय किंमत आहे? रिक्षावाला पाय बाहेर काढतो आणि त्या पायाच्या अंगठ्यावर मागच्या सगळ्यांनी विश्वास ठेवायचा असतो. दुचाकीवाला मागे न बघता हाताने हवा खाली दाबतो, म्हणजे ‘थांबा, मी येतोय’. हायवेवर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे वळणार की ‘रस्ता मोकळा आहे, या पुढे’ असं सांगतोय, हे ज्याचं त्याने नशिबावर ठरवायचं. आणि एक जमात अशी, की जिचा डावा इंडिकेटर कात्रजपासून स्वारगेटपर्यंत चालूच असतो. कुणीच त्याची दखल घेत नाही.

तसं पाहिलं तर माणसाने या दिव्यासाठी पुष्कळ डोकं चालवलंय. अमेरिकेतल्या मूकपटांची नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१० च्या दशकातच बटण दाबलं की गाडीच्या मागे हात वर होईल अशी युक्ती काढली होती, आणि तिचं पेटंट घेतलं नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांना तर दोन दारांमधल्या खांबातून बाहेर येणारा उजळ हातच असायचा. उघडझाप करणारा दिवा कारखान्यातूनच बसवून द्यायला १९३९ मध्ये ब्युइकने सुरुवात केली. म्हणजे आपण कुठे वळणार हे आधी सांगायची सोय होऊन शंभरेक वर्षं झाली. फक्त सांगायची इच्छा मागे पडली. मी कुठे जातोय हे तुला कशाला, असाच सगळ्यांचा पवित्रा.

आरटीओत साहेब समोर उभे राहिले. डावा दाखवला, उजवा दाखवला, पार्किंग लावले, मग न सांगता पार्किंगसह डावाही दाखवला. पुढचे-मागचे एका तालात. साहेबांनी कागदावर खूण केली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “विकायचीय का?” दिव्यांबद्दल चकार शब्द नाही. जे दिवे नीट लागतात त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही, हीच त्यांना मिळणारी पावती.

तुमच्या गाडीचा दिवा भलत्याच वेळी लागत असेल, तर नवा बल्ब आणण्याआधी त्याचा अर्थ घासून पाहा; त्याला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो. आणि दिवे धड असतील तर वळण्याआधी ते लावा, वळून झाल्यावर बंद झाले का तेही बघा. मागच्याचं त्यावाचून अडतं.