शेपटीला 'थ' असलेली क्रियापदं

इंग्रजीला जुना राजेशाही थाट द्यायचा तर हल्ली एक सोपा उपाय आहे : दिसेल त्या क्रियापदाला 'एथ' चिकटवायचं. विनोदी नाटिकेतले सरदार 'आय गोएथ', 'यू कमेथ' म्हणत सुटतात. ऐकणारे खूश होतात, व्याकरण तेवढं कपाळाला हात लावतं. कारण बायबलच्या इंग्रजीत हा मान होता फक्त तृतीयपुरुषी एकवचनाला, तोही वर्तमानकाळापुरता. 'इट रेनेथ' म्हणजे पाऊस पडतो. बस्स, एवढंच. 'मी'ला आणि 'आम्ही'ला तिथे मज्जाव.

आज त्या जागी 'स' बसलाय. तो मूळचा उत्तर इंग्लंडचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या चॉसरने 'रीव्हज टेल'मध्ये केंब्रिजचे दोन विद्यार्थी आणले, उत्तरेकडचे. त्यांच्या तोंडी त्याने मुद्दाम ही 'स'कारान्त क्रियापदं घातली. वऱ्हाडातलं 'करून राहिला' ऐकून पुण्यातला माणूस जसा गालात हसतो, तसं लंडनकरांनी हसावं म्हणून.

लंडनकर हसले असतील. पण पुढच्या दोनशे वर्षांत तोच 'स' त्यांच्याच जिभेवर येऊन बसला. शेक्सपिअरच्या काळात दोघं एकत्र नांदत होते. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिया दयेचा महिमा सांगते, तेव्हा एकाच ओळीत 'एथ'ही येतो आणि 'स'ही. कवींची तर चंगळच होती. 'गोएथ'चे उच्चारात दोन तुकडे पडतात, 'गोज'चा एकच; ओळ तोकडी पडली की 'एथ' घ्यावा, लांबली की 'स'.

1611 साली किंग जेम्सचं बायबल आलं आणि त्याने 'एथ'च धरून ठेवला. त्यामुळे देव पुढेही 'एथ'मध्येच बोलत राहिला. भक्त मात्र बाजारात 'स'वर आले होते. 1643 मध्ये रिचर्ड हॉजेस या शिक्षकाने आपल्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात सरळ सांगून टाकलं की आपण लिहितो 'एथ' आणि बोलतो 'स'. म्हणजे कागदावर सोवळं आणि जिभेवर ओवळं. 'हॅथ' आणि 'डथ' हे दोघे तेवढे चिवट निघाले. उठता-बसता लागणारे शब्द ते; रोजच्या राबत्यातले असल्यामुळे बाकीचे गेल्यावरही ते बराच काळ टिकले.

भाषेत शुद्ध काय आणि गावंढळ काय, हे ठरवणाऱ्यांना काळ फार गंभीरपणे घेत नाही. ज्याची टर उडवली तो 'स' पाठ्यपुस्तकात गेला आणि ज्याची प्रतिष्ठा होती तो 'एथ' नाटिकेच्या पेटाऱ्यात. चॉसरचे ते दोन विद्यार्थी आज इंग्रजीच्या पेपरला बसले, तर त्यांच्या 'आय इज'वर फुली पडेल हे खरं. पण त्यांच्या 'स'ला बरोबरची खूण मिळेल आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या चॉसरसाहेबांच्या प्रत्येक 'एथ'खाली लाल रेघ!